गोष्ट लावलेली आणि चित्रांच्या वह्या उघड्या : तुमच्याकडे कसं चालतं?

खाडीकाठची, ऐरोली

नमस्कार मंडळी. मुलांना मोबाईलपासून लांब कसं ठेवायचं यावर इथे भरपूर धागे झालेत आणि सगळ्यांचा शेवट भांडणात झालाय, तर प्लीज तो विषय इथे नको. हा धागा फक्त मजेचा आहे. लहान मुलांच्या चित्रकलेच्या वह्या, रंगवायची पुस्तकं आणि ऑडिओबुक्स. आमच्याकडे या दोन्हीची जोडी जमलीय त्यामुळे एकत्रच लिहिते.

लेक दुसरीत, धाकटा सीनियर केजीत. संध्याकाळी मी कामावरून आले की जेवणं होईपर्यंतचा जो वेळ असतो ना, दोन शेगड्या चालू, उद्याच्या डब्याची भाजी चिरायचीय, नेमकं तेव्हाच दोघांना मला काहीतरी दाखवायचं असतं नाहीतर एकमेकांना मारायचं असतं. तेव्हा हॉलमध्ये चटई टाकतो, मधे रंगांचा डबा (श्रीखंडाचा जुना, झाकण हरवलेलं), स्पीकर फ्रीजवर, आणि एक गोष्ट लावून देते. फोन माझ्याजवळ ओट्यावर पालथा. काय काढायचं ते कोणी सांगत नाही, गोष्टीतलंच काढा असंही नाही. धाकटा बऱ्याचदा जेसीबी काढतो, गोष्ट राजाची असो की कासवाची, जेसीबी येतोच.

पण एक गंमत बघितलीय. टीव्हीवर गोष्ट बघितली की नंतर दोघं काढतात तो टीव्हीतलाच हत्ती, तसेच डोळे, तशीच सोंड. नुसती ऐकली तर हत्ती स्वतःचा स्वतः आणावा लागतो. परवा एका गोष्टीत विहीर होती आणि विहिरीत राक्षस. लेकीने विहीर काढली ती निळी चौकोनी, बाजूला स्टीलची शिडी, वर 'नो डायव्हिंग'चा बोर्ड आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर शिट्टीवाले काका. राक्षसाच्या डोक्यावर लाल टोपी. म्हटलं टोपी कशाला गं, तर म्हणे टोपीशिवाय काका पाण्यात सोडत नाहीत ना! सोसायटीचा स्विमिंग पूल सोडून तिने पाण्याचा खड्डा बघितलाय कुठे. मी काही दुरुस्त वगैरे केलं नाही, विहीर काय पुढच्या मे महिन्यात गावी गेल्यावर दिसेलच. ते पान मात्र फाडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

तर तुमच्याकडे काय चालतं लिहा. काय ऐकता, कधी ऐकता, वह्या कुठल्या, भिंतींचं काय झालं, सगळं.

घोडबंदरकर

भिंतींचं विचारू नका. भाड्याचं घर आहे.

आमचं ऑडिओबुक गाडीत. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये माजिवड्याला गोष्ट सुरू केली की गायमुख येईपर्यंत राजकन्येचं लग्न होऊन तिला नातवंडं होतात. मेट्रोच्या खांबांचे आभारच मानले पाहिजेत, पोराचं इतकं ऐकून झालंय. सुरुवातीला वाटायचं मागच्या सीटवर वही पण देऊ, पण आमच्या चिरंजीवांना खाली बघून काही केलं की पातलीपाड्यापर्यंत मळमळायला लागतं. डोळ्यांना कागद स्थिर दिसतो आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, त्या दोघांचं जमत नाही म्हणून होतं ते. त्यामुळे गाडीत फक्त कान. चित्र घरी आल्यावर.

आणि खरंतर ते बरंच आहे. रस्त्यात ऐकलेलं रात्री आठवून काढतो तेव्हा अर्धं विसरलेलं असतं आणि त्या अर्ध्यात तो स्वतःचं भरतो. एकदा सगळा दरबार काढला होता, राजा, प्रधान, शिपाई, आणि कोपऱ्यात क्रेन. खिडकीतून दिसते ती.

मंजिरी_नेरूळ

छान धागा गं. क्रेन आणि जेसीबी, आपल्याकडच्या पोरांचं वन्यजीवन आहे ते :)

एक प्रामाणिक शंका. गोष्ट ऐकताना हात दुसरीकडे चालू असला तर लक्ष धड ना इकडे धड ना तिकडे असं नाही का होत? माझ्या सासूबाई म्हणतात एका वेळी एकच काम कर. आणि दुसरं, तुम्ही सगळे कोऱ्या वहीचं कौतुक करताय, माझा मुलगा कोरं पान दिलं की नुसता बसून राहतो. त्याला छापील चित्र रंगवायचं पुस्तकच लागतं. शाळेतून दमून येतो, डोक्याला ताप नको असतो त्याला, आखलेल्या रेघेत रंग भरत बसला की शांत होतो. त्यात वाईट काय?

फुकट_सल्ला

लक्षाबद्दल: प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग आहे, चाळीस लोकांना एक रटाळ फोन मेसेज ऐकवला, निम्म्यांना ऐकताना कागदावरचे छापील आकार पेन्सिलने भरायला दिले. नंतर अचानक विचारलं तर आकार भरणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवत होतं. हाताला हलकं काम असलं की मन भरकटत नाही असा अंदाज. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या, ती मोठी माणसं होती आणि मेसेज मुद्दाम कंटाळवाणा निवडलेला. गोष्ट रंगात आली की माझ्या भाचीचा खडू हवेतच थांबतो, तिथे चित्रबित्र काही नाही, तोंड उघडं. म्हणजे मुलं आपापलं बघून घेतात.

सासूबाईंना हे सांगू नका, टिकायचं असेल तर.

नौपाड्याचे_सर

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालोय त्यामुळे राहवत नाही, थोडं लांबेल, चालवून घ्या.

मंजिरीताईंचा प्रश्न चांगला आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचे कलाशिक्षणातले मोठे अभ्यासक होऊन गेले, १९४७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, त्यात त्यांनी छापील चित्रं रंगवण्याला चांगलाच विरोध केलाय. मुलाने स्वतःचा कुत्रा काढायच्या आधीच त्याला मोठ्यांचा कुत्रा दाखवला की त्याला आपला कुत्रा कमी वाटायला लागतो, असं त्यांचं साधारण म्हणणं. मला ते पटतं पण पूर्ण नाही. रेघेच्या आत रंग ठेवायला बोटांवर ताबा लागतो, तो सराव चांगला, आणि दमलेल्या मुलाला काहीतरी सोपं हवं असतं हे पण खरं. वर्गात मी एक करायचो. रंगवलेलं चित्र कापायचं, कोऱ्या कागदावर चिकटवायचं आणि म्हणायचं आता हा कुठे उभा आहे ते काढ. कोऱ्या पानाची भीती अर्धी तिथेच जाते. करून बघा.

बाकी मुलं कुठल्या वयात काय काढतात त्याला एक क्रम असतो, पालकांना तो माहीत नसतो म्हणून उगाच काळजी करतात. आधी नुसत्या गिरगोट्या. मग साधारण तीन-चारच्या सुमारास माणूस येतो, त्याला पोट नसतं, डोक्यातूनच हातपाय फुटलेले. सगळ्या मुलांचा तसाच असतो, घाबरू नये. पाच ते सातच्या दरम्यान पानाच्या खाली जमिनीची रेघ येते आणि वर आकाशाची निळी पट्टी, मधे मोकळं. घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात. हे सगळं आपोआप येतं आणि आपोआप जातं. त्यात 'आकाश खालपर्यंत असतं रे' असं शिकवायची काही गरज नाही.

आणि कृपा करून 'हे काय काढलंयस?' विचारू नका. 'मला सांग ना याच्याबद्दल' म्हणा. पहिल्या प्रश्नात मूल ओळखतं की आपल्याला ओळखू आलेलं नाही.

ऐकणं आणि चित्र ही जोडी आपल्याकडे जुनी आहे बरं का. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, चित्रांची पोथी मांडायची, एकेक पान दाखवत गोष्ट गायची. तिथल्या परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली. इथे फक्त उलटं चाललंय, गोष्ट आधी आणि पान नंतर.

खाडीकाठची

सर खूप आवडला प्रतिसाद. ते भिंतीतून आतली माणसं दिसणं!! आमच्याकडे चालू आहे, बसच्या आतल्या सगळ्यांचे पाय दिसतात.

मंजिरी, वाईट काही नाही गं, माझ्याकडे रंगवायची पुस्तकं आहेतच की, आणि खरं सांगू का, ती मीच जास्त रंगवते. पोळ्या झाल्या की मुलांच्या शेजारी बसून माशाचे खवले एक सोडून एक हिरवे, एक सोडून एक निळे करायचे, वर गोष्ट चालू. ऑफिसातलं सगळं डोक्यातून जातं. नवरा विचारतो हे पुस्तक कोणाचं नक्की.

मंजिरी_नेरूळ

सर, कापून चिकटवायची आयडिया आजच केली. त्याने डायनासोर कापला (शेपटी अर्धी गेली) आणि त्याला वंडर्स पार्कमधे उभा केला, तिकिटाच्या रांगेत. रांग मोठी आहे. पुढे चार माणसं काढली आणि म्हणाला बास आता यांचा नंबर लागू दे मग उरलेलं.

आता माझं एक रडगाणं ऐका. आमच्याकडे फ्लेमिंगो हा घरचाच पक्षी, हिवाळ्यात नि उन्हाळ्यात पाणथळीकडे चक्कर असतेच. मुलाने क्लासमध्ये फ्लेमिंगो रंगवला राखाडी. तिथे त्याला सांगितलं गेलं चुकलं, पिंक कर. घरी आला तो फुगलेला. त्याने खरंच राखाडी बघितलेला हो! फ्लेमिंगोची पिल्लं राखाडीच असतात, तो गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळातल्या नि बारीक जिवांतल्या रंगद्रव्यातून, दोन-तीन वर्षं लागतात पूर्ण चढायला. क्लासचं नाव घेत नाही, बाई बिचाऱ्या चांगल्या आहेत, पण छापील पुस्तकात गुलाबी म्हणून गुलाबी हे काय. मी त्याच वहीत पिल्लाच्या बाजूला त्याच्याकडून गुलाबी आई काढून घेतली आणि पाठवून दिली.

घोडबंदरकर

बाईंनी आईला स्टार दिला असेल आणि पिल्लाला नाही.

मंजिरी_नेरूळ

@घोडबंदरकर नेमकं तेच!! तुम्हाला कसं कळलं

तुर्भे_लोकल

मला मूलबाळ नाही, तरी लिहितो. रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल, दिघा गाव, ऐरोली, रबाळे करत तुर्भे. दीड वर्षापूर्वी बहिणीच्या मुलीसाठी मराठी ऑडिओबुक्सचं ॲप घेतलं आणि तिच्यापेक्षा मीच लहान मुलांच्या गोष्टी ऐकायला लागलो. मोठ्यांच्या कादंबऱ्या पण आहेत पण गर्दीत उभं राहून चार पिढ्यांची नावं लक्षात नाही राहत राव. मुलांची गोष्ट कशी, पंधरा मिनिटांत सुरू होऊन संपते, कोल्हा आहे, लबाड आहे, विषय संपला. घणसोलीला दोन मिनिटं गाडी थांबली तरी राग येत नाही.

बसायला जागा मिळाली तर खिशातली छोटी वही काढतो. भाचीकडून उरलेली आहे, वर ससा आहे. शेजारचे काका आधी सशाकडे बघतात मग माझ्याकडे. समोर झोपलेल्या माणसांची डोकी काढतो, गाडीत माणूस झोपला की मान कशी सुटते ते एकदा हातात बसलं की मजा येते. अवांतर झालं बहुतेक.

ॲपचं म्हणाल तर स्टोरीटेल २०१७ च्या शेवटी भारतात आलं तेव्हापासून मराठी आहे त्यात, पैसे भरावे लागतात. डाउनलोड करून ठेवा, पारसिकच्या डोंगराकडे नेट जातं माझं तरी.

फुकट_सल्ला

अवांतर कसलं, धाग्यातलं बेस्ट आहे हे.

मोफत हवं असेल त्यांनी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही साइट बघा, २०१५ पासून आहे, मराठीत मुबलक पुस्तकं. आणि 'किशोर'चे १९७१ पासूनचे अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत, आईबाबांनो तुमच्या लहानपणचा दिवाळी अंक उघडा आणि स्वतः मोठ्याने वाचा, ते पण ऑडिओबुकच झालं. फक्त सांभाळून, एक अंक उघडला की आपणच आत जातो आणि पोरगं बाजूला वाट बघत बसतं.

वाशी_सेक्टर_सतरा

आमचं ऑडिओबुक म्हणजे माझे सासरे. गुहागरला असतात. रोज रात्री साडेआठला व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट येते, एक गोष्ट, कधी पुस्तकातली वाचलेली, कधी मनाने. मधे खोकला, मधे "अगो दार लाव, मांजर आलं", मागे रातकिडे. माझी मुलगी त्या मांजराचीच चित्रं काढते, गोष्टीतल्या कोणाचीही नाही. मांजर कसं आहे विचारलं तर आबांनी मुद्दाम सांगितलंच नाही अजून. एका कानाचं काढते, दोन शेपट्यांचं काढते, आबा रोज म्हणतात छे, तसं नाही गो.

ॲपमधले वाचणारे लोक कसलेले असतात, आवाज एकदम स्वच्छ, पात्रांचे वेगवेगळे आवाज, मान्य. पण ती मांजर नसते त्यात.

आता प्रश्न असा की या नोट्स जमून खूप झाल्यात आणि नणंद म्हणतेय चॅनेल काढून यूट्यूबवर टाकू. चालेल का? काही गोष्टी विकतच्या पुस्तकातून वाचलेल्या आहेत.

फुकट_सल्ला

घरात, नातेवाइकांत ऐकायला काहीच हरकत नाही. सगळ्यांसाठी टाकायचं तर पुस्तक कोणाचं ते बघावं लागेल. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क असतो, वारलेल्या वर्षाच्या पुढच्या जानेवारीपासून मोजायची. म्हणजे उदाहरणार्थ साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं, आबांनी खुशाल वाचावं. हयात लेखक किंवा अलीकडे गेलेले असतील तर प्रकाशकाला मेल टाका, परवानगी मिळाल्याशिवाय नको. स्टोरीवीव्हरवरची पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्सची आहेत, म्हणजे वापरायची परवानगी आधीच दिलेली, लेखक, चित्रकार, प्रकाशक यांची नावं नीट घेतली की वाचून टाकता येतात, छापून मुलांना वाटता पण येतात. मनाच्या गोष्टी आबांच्या स्वतःच्या, प्रश्नच नाही.

मांजर मात्र कापू नका एडिट करताना.

खाडीकाठची

आबांचं मांजर आता आम्हाला पण हवंय, व्हॉइस नोट नाही तर चित्रं तरी टाका!

बरं एक विचारायचं होतं, आवाज किती ठेवता? धाकटा हेडफोनसाठी मागे लागलाय, दादा लोकांचे बघून.

मंजिरी_नेरूळ

मी तरी हेडफोन नाही देत लहानाला. जागतिक आरोग्य संघटनेचं मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी शिफारस आहे, मोठ्यांना ८०. हे आकडे घरात कोण मोजणार, मी सोप्पं करते, गोष्ट चालू असताना मी साध्या आवाजात हाक मारली तर ऐकू आली पाहिजे. हाक ऐकू येऊनही ओ न देणे हा वेगळा आजार आहे त्याला डेसिबल लागत नाही.

आणि स्पीकरच बरा, दोघं एकच गोष्ट ऐकतात, मधेच भांडतात, 'तो वाघ नव्हता लांडगा होता', मग मागे घेऊन परत ऐकायचं.

नौपाड्याचे_सर

साहित्याचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

अगदी लहानांना मेणखडू. जाड घ्या, बारीक लगेच मोडतात, आणि वरचा कागद सोलून टाका, आडवा धरून घासता आला पाहिजे. तेलखडू जरा मोठ्यांना, सहानंतर. तेलखडूचा रंग दाट येतो, एकावर एक चढवून बोटाने मिसळता येतो, वर काळा थापून टाचणीने खरवडलं की खालचे रंग बाहेर येतात, यावर मुलं तासभर रमतात. पण तो कधीच पूर्ण वाळत नाही, दोन पानांच्या मधे बटर पेपर घाला नाहीतर समोरच्या पानावर राजाचं भूत उमटतं. स्केचपेन मी कमीत कमी देतो, दाब कमीजास्त केला तरी रेघ तेवढीच, हाताला काही कळत नाही.

पेन्सिल ४बी किंवा ६बी द्या. शाळेतली एचबी कडक असते, मूल जोर लावतं, कागद फाटतो, मूल चिडतं.

कागद. साध्या वहीचं पान ऐंशी जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आतबाहेर, त्यावर पाणी लावलं की पापड. जलरंग करायचे तर कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, दीडशेच्या आसपास. रोजच्या गिरगोट्यांना मात्र महागाचा कागद आणू नये, मूल जपून काढायला लागतं, आपण पण 'नीट काढ हं' म्हणतो. ऑफिसातले एका बाजूने कोरे कागद उत्तम. आमच्या लहानपणी कॅलेंडरची पाठ असायची, आता कालनिर्णयच्या मागे तर लोकलच्या टाइमटेबलपासून पाककृतीपर्यंत सगळं छापलेलं, पोरांनी काढायचं कुठे!

घोडबंदरकर

सर, चित्रकलेच्या त्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचं कधीपासून सुरू करावं? मुलगा तिसरीत आहे, बायको म्हणतेय आत्तापासून क्लास लावू, दहावीला जादा मार्क मिळतात.

नौपाड्याचे_सर

तिसरीत?? अहो राहू द्या. ग्रेड परीक्षा शाळेच्या वरच्या वर्गांसाठी आहेत. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, ठोकळे, अक्षरलेखन, सगळं तेव्हा शिकता येतं. वाईट परीक्षा नाहीत त्या, मी कित्येक मुलं बसवलीयेत. पण तुमचा मुलगा गाडीत ऐकलेलं घरी येऊन काढतो म्हणालात ना, तेच तर स्मरणचित्र आहे. त्याची तयारी माजिवड्यापासून फुकटात चाललीय.

घोडबंदरकर

हा स्क्रीनशॉट बायकोला पाठवलाय. उत्तर आलं की कळवतो, नाही कळवलं तर समजून जा.

शेवंता_कोपरखैरणे

सगळं वाचत होते, लिहू की नको करत होते. माझा मुलगा आठ वर्षांचा, दृष्टी खूप कमी आहे, उजेड-अंधार आणि ढोबळ आकार एवढंच. त्यामुळे आमच्याकडे ऑडिओबुक ही गंमत नाही, तेच पुस्तक आहे. वरळीच्या राष्ट्रीय अंध संघाची बोलक्या पुस्तकांची लायब्ररी आहे, आणि सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन आहे, २०१६ ला सुरू झालं, नाव नोंदवावं लागतं. त्याचा ऐकायचा वेग बघून लोक दचकतात. दीडपट, कधी दुप्पट. मला एक अक्षर कळत नाही, तो हसत असतो.

लिहायचं होतं ते चित्राबद्दल. लोकांना वाटतं याला चित्राचं काय. पुट्ठ्यावर बारीक तारेची जाळी ताणून बसवायची, त्यावर कागद, आणि मेणखडू दाबून काढायचं. खालच्या जाळीमुळे रेघ खरखरीत येते आणि बोटाला लागते. काढत जायचं आणि डाव्या हाताने वाचत जायचं. त्याने आधी नुसते गोल काढले कितीतरी, मग एकदा गोष्ट ऐकताना लांबलचक काहीतरी काढलं, पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत उलट. म्हटलं सांग ना याच्याबद्दल (सर, मला हे कोणी शिकवलं नव्हतं, काय आहे ते दिसूनही कळलं नव्हतं म्हणून विचारलं). म्हणाला रेल्वे आहे. डबे कुठे? तर म्हणाला डबे नाहीत गं, आवाज काढलाय, लांबून येतो तेव्हा बारीक, स्टेशनात आली की जाड. खरंच मधे रेघ इतकी दाबलेली होती की कागद फाटायला आलेला.

रंगाचा डबा त्याचा पण आहे, रंग वासावरून ओळखतो म्हणतो, मला नाही खरं वाटत, पण वाद घालत नाही.

खाडीकाठची

शेवंताताई, लिहिलंत ते किती बरं केलंत. आवाजाचं चित्र!! लेकीला आत्ताच वाचून दाखवलं, ती म्हणतेय मला पण जाळी पाहिजे आणि डोळे बांधून काढणार. कुठली जाळी लागते, कुठे मिळेल?

नौपाड्याचे_सर

शेवंताताई, चाळीस वर्षं मुलांना आगगाडी शिकवली, डबे मोजायला लावले. ही गाडी मला सुचली नसती. त्याला सांगा सरांनी विचारलंय की सिग्नलला थांबलेली गाडी कशी काढशील.

तुर्भे_लोकल

मी पण उद्या गाडीत डोळे मिटून काढून बघणार. ससा आहेच वर, अजून काय वाईट व्हायचंय.

शेवंता_कोपरखैरणे

सर, विचारलं. म्हणाला थांबलेली गाडी काढायची नसते, तिथे खडू उचलून थांबायचं, हॉर्न वाजेपर्यंत.

जाळीचं : खिडकीला डासांसाठी लावतात तीच, पण नायलॉनची नाही, ॲल्युमिनियम किंवा स्टीलची बारीक. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर कापून देतात. वहीच्या पानापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठी घ्या, जाड पुठ्ठ्याला मागे वळवून स्टेपल करा. कापलेल्या कडा फार टोचतात, चारी कडांवर खोक्याची ब्राऊन टेप दोनदा फिरवा, मगच मुलांच्या हातात द्या. कागद पातळ घ्या, सर म्हणाले तो एका बाजूने कोरा ऑफिसचा चालतो, जाड कार्ट्रिजवर रेघ उठत नाही.